तिकीट, तजकिरा आणि आझादी

अरबी भाषेत तिकिटाला 'तजकिरा' म्हणतात. विमानाचे असो, बसचे असो की फुटबॉलच्या सामन्याचे, जेद्दाच्या रस्त्यावर तुम्ही जे मागता तो तजकिराच असतो. आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना हा शब्द वेगळ्या ठिकाणी भेटलेला असतो. उर्दूत तजकिरा म्हणजे उल्लेख, आठवण. साहित्याच्या इतिहासात तजकिरा म्हणजे शायरांची थोडक्यात ओळख आणि त्यांचे निवडक शेर देणारा ग्रंथ. मीर तकी मीर यांनी १७५२ च्या सुमारास लिहिलेला 'निकातुश्शुअरा' हा उर्दू शायरांचा असाच एक आरंभीचा तजकिरा. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, जिक्र. ज्याचा जिक्र झाला तो आत, ज्याचा झाला नाही तो बाहेर.

या जुन्या तजकिऱ्यांमध्ये कवयित्री क्वचितच सापडतात. पुढे १८६४ मध्ये मेरठच्या हकीम फसीहुद्दीन रंज यांनी फक्त कवयित्रींचा 'बहारिस्तान-ए-नाज' हा तजकिरा काढला. म्हणजे बायकांना जागा मिळाली, पण स्वतंत्र पुस्तकात, वेगळ्या कप्प्यात. वर्गात हे शिकवताना मला हल्ली स्टेडियममधली वेगळी गॅलरी आठवते.

परदेशी गेल्यावर फुटबॉलचा सामना पाहायचा तर तिकीट कसे मिळवायचे, हा आता फोनवरचा पाच मिनिटांचा प्रश्न आहे. पण इराण आणि सौदी अरेबिया या दोन देशांत, अगदी काल-परवापर्यंत, या प्रश्नाचे उत्तर विचारणारी कोण आहे यावर अवलंबून होते. इराणमध्ये तर असेही घडले, की पाहुण्या बाईला आत सोडले आणि घरच्या मुलीला फाटकाबाहेर ठेवले. हा इतिहास आपण मराठी मुसलमानांनी नीट समजून घेतला पाहिजे असे मला वाटते. त्यात धर्म किती, राजकारण किती आणि निव्वळ सवय किती, हे तिकिटाच्या निमित्ताने फार स्वच्छ दिसते.

आर्यमेहरचे आझादी झाले

तेहरानचे मोठे स्टेडियम १९७१ मध्ये शहाच्या काळात बांधून झाले. नाव होते आर्यमेहर, शहाचाच एक किताब. १९७४ च्या आशियाई क्रीडास्पर्धा तिथे झाल्या. सुमारे एक लाख माणसे बसतील एवढे हे मैदान, आणि त्या काळात बायकाही तिथे सामने पाहायला जात. १९७९ मध्ये क्रांती झाली. शहा गेला, आणि त्याच्या खुणा सांगणारी नावेही गेली. आर्यमेहरचे 'आझादी' झाले. तेहरानच्या 'ताज' या निळ्या रंगाच्या क्लबचे 'इस्तिकलाल' झाले. इराणी लोक त्याचा उच्चार 'एस्तेगलाल' करतात. आझादी म्हणजे स्वातंत्र्य हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. इस्तिकलाल म्हणजेही फारसीत स्वातंत्र्यच. उर्दूत मात्र या शब्दाला चिकाटीचाही अर्थ आहे. पुढच्या चाळीस वर्षांत इराणी मुलींना पहिला अर्थ मिळाला नाही, दुसऱ्यावर दिवस काढावे लागले.

कारण आझादी नाव मिळाल्यावर थोड्याच काळात त्या मैदानाचे फाटक बायकांसाठी बंद झाले. कसे बंद झाले, हे महत्त्वाचे आहे. संसदेने तसा कायदा केला नाही. कुठल्या कलमात 'स्त्रियांनी पुरुषांचा फुटबॉल पाहू नये' असे लिहिलेले नाही. उलेमांनी नापसंती दाखवली, पोलिसांनी फाटकावर अडवले, तिकीट विकणाऱ्याने तिकीट विकले नाही, आणि हळूहळू तीच रीत झाली. कारणे दोन सांगितली जात. एक, खेळाडूंच्या उघड्या मांड्या बायकांच्या नजरेस पडतात. दुसरे, गर्दीतले पुरुष घाणेरड्या शिव्या देतात, बायकांच्या कानावर त्या पडू नयेत. पहिले कारण टिकणारे नव्हते, कारण तेच खेळाडू त्याच चड्ड्या घालून घराघरातल्या टीव्हीवर दिसत होते. दुसरे कारण तर आपल्याकडच्या बायकांना चांगले ओळखीचे वाटेल. शिव्या पुरुषांनी द्यायच्या आणि घरी बायकांनी बसायचे.

फारसीत प्रेक्षकाला 'तमाशागर' म्हणतात. आपल्या मराठी तमाशाचा हा सख्खा भाऊ. इराणी मुलगी खेळाडू होऊ शकत होती, संसदेत निवडून जाऊ शकत होती, विद्यापीठात मोठ्या संख्येने शिकत होती. फक्त तमाशागर होऊ शकत नव्हती.

१९९७ च्या नोव्हेंबरात इराणने मेलबर्नला ऑस्ट्रेलियाशी २-२ अशी बरोबरी केली आणि पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात जागा मिळवली. संघ परतला तेव्हा आझादी स्टेडियममध्ये स्वागत ठेवले होते. रेडिओ-टीव्हीवरून बायकांना घरीच राहण्याचे आवाहन झाले. तरीही हजारो बायका फाटकाशी जमल्या, आणि शेवटी पोलिसांचे कडे मोडून आत शिरल्या. तिकीट नव्हते, परवानगी नव्हती. त्या दिवशी सामनाही नव्हता, फक्त स्वागत होते. तरी इराणच्या सामाजिक इतिहासात त्या दिवसाचे नाव घेतले जाते.

पाहुणीला वाट, घरच्या लेकीला फाटक

१५ नोव्हेंबर २००१. विश्वचषकाच्या पात्रतेसाठी इराण आणि आयर्लंड यांच्यातला दुसरा सामना तेहरानला होता. आयर्लंडहून आपल्या संघाच्या मागे प्रवास करत आलेल्या चाहत्यांमध्ये काही बायकाही होत्या. आता त्यांचे काय करायचे? पाहुण्यांना अडवले तर जगभर बोभाटा होणार. तोडगा निघाला: आयरिश बायकांनी डोके झाकावे, आत बसावे. त्या मूठभर बायका हिरव्या कपड्यांत, डोक्याला रुमाल बांधून आझादीत बसल्या. इराण १-० ने जिंकला, पण आधीच्या सामन्यातल्या २-० मुळे विश्वचषकाला आयर्लंड गेला.

त्यांच्या बसण्याला माझा काही आक्षेप नाही. लांबून आल्या होत्या, त्यांना सामना दिसला, छान झाले. पण त्या एका निर्णयाने बंदीच्या समर्थनाची सगळी इमारत खचली. खेळाडूंच्या मांड्या आयरिश बाईने पाहिल्या तर चालतात का? शिव्या फारसीत असल्यामुळे तिला कळणार नाहीत, असेही समर्थन तेव्हा पुढे आले होते. म्हणजे मूळ प्रश्न नजरेचा नव्हता, हयेचाही नव्हता. प्रश्न पासपोर्टचा होता. ज्या बाईच्या पाठीशी तिचे सरकार आणि जगातली वर्तमानपत्रे उभी होती, तिला वाट मिळाली. जिच्यावर आपला पूर्ण ताबा आहे असे राज्यकर्त्यांना वाटत होते, तिला फाटक मिळाले.

तेहरानच्या मुलींनी हे पाहिले आणि लक्षात ठेवले. ८ जून २००५ रोजी इराण-बहरीन सामन्याला बायकांचा एक गट फाटकावर जाऊन बसला. त्याच सामन्याच्या पार्श्वभूमीवर जाफर पनाही यांनी 'ऑफसाइड' हा चित्रपट केला. मुलांचा वेश घालून स्टेडियममध्ये शिरू पाहणाऱ्या मुलींची ती गोष्ट. २००६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले, पण इराणमध्ये तो दाखवायला परवानगी मिळाली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी बायकांना स्टेडियम खुले करण्याची घोषणा केली. उलेमांनी विरोध केला, सर्वोच्च नेते खामेनी यांनी तो मान्य केला, आणि काही दिवसांतच घोषणा मागे गेली. निवडून आलेला राष्ट्राध्यक्षसुद्धा एका तिकिटाची सोय करू शकला नाही.

आपला संघ पाहायला परदेश

मग इराणी बायकांनी दुसरी वाट धरली. आपल्या देशाचा संघ आपल्या देशात पाहता येत नसेल तर परदेशात जाऊन पाहायचा.

२०१८ चा विश्वचषक रशियात झाला. तिकीट असणाऱ्याला 'फॅन आयडी' नावाचे ओळखपत्र मिळत असे आणि त्यावर वेगळ्या व्हिसाविना रशियात प्रवेश होता. म्हणजे सामन्याचे तिकीट हाच देशाचा दरवाजा. १५ जूनला सेंट पीटर्सबर्गला इराणने मोरोक्कोला १-० ने हरवले. तो एकमेव गोल अगदी शेवटच्या मिनिटांत मोरोक्कोच्याच खेळाडूच्या डोक्याला लागून झाला. गॅलरीत इराणी बायका होत्या, कुणी इराणहून आलेल्या, कुणी युरोपात स्थायिक झालेल्या. स्टेडियममध्ये जाऊ पाहणाऱ्या इराणी बायकांना साथ द्या, असे फलकही त्यांनी धरले होते. आयुष्यात पहिल्यांदा आपला संघ डोळ्यांनी पाहण्यासाठी कित्येकींना हजारो किलोमीटर जावे लागले होते. आपल्या गावचा उरूस पाहायला मुंबईचे तिकीट काढावे लागण्यासारखेच हे.

ही वाटही सगळ्यांना मोकळी नव्हती. इराणच्या पासपोर्ट कायद्यानुसार विवाहित बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची संमती लागते. २०१५ मध्ये इराणच्या महिला फुटसाल संघाची कर्णधार नीलूफर अरदलान हिला नवऱ्याने संमती दिली नाही, आणि आशियाई स्पर्धेसाठी मलेशियाला जायचे तिचे राहून गेले. ती प्रेक्षक नव्हती, कर्णधार होती. पुढे त्याच वर्षी ग्वाटेमालाच्या स्पर्धेला जायला सरकारी वकिलाच्या परवानगीने तिला वाट मिळाली. थोडक्यात, आझादीचे फाटक फक्त तेहरानमध्ये नव्हते. ते पासपोर्टच्या कार्यालयात होते आणि घरातही होते.

निळी मुलगी

१ मार्च २०१८ रोजी आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाचे, म्हणजे फिफाचे, अध्यक्ष जियानी इन्फँटिनो आझादीत सामना पाहत बसले होते. सामना इस्तिकलाल आणि पर्सेपोलिस या तेहरानच्या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा. त्याच वेळी बाहेर आत येऊ पाहणाऱ्या ३५ मुलींना पोलिसांनी ताब्यात घेतले होते. फिफाच्या घटनेत स्त्री-पुरुष भेदाला मनाई आहे, भेद करणाऱ्या संघटनेवर बंदी घालण्याची तरतूदही आहे. पण घटनेतले कलम आणि पाहुण्याची खुर्ची यांत त्या दिवशी खुर्ची जवळची ठरली. त्याच वर्षी जूनमध्ये आझादीत पडद्यावर इराण-स्पेन सामना पाहायला बायकांना सोडले, आणि नोव्हेंबरमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला निवडक काही शे बायकांना आत बसवले. निवडक म्हणजे तिकीट काढून आलेल्या नव्हेत, यादीत नाव असलेल्या.

सहर खोदायारी कुठल्या यादीत नव्हती. ती इस्तिकलालची चाहती. मार्च २०१९ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना पाहायला ती पुरुषाच्या वेशात, निळा टोप घालून आझादीकडे निघाली आणि पकडली गेली. सप्टेंबरमध्ये तेहरानच्या न्यायालयाबाहेर, आपल्याला तुरुंगवास होणार या धास्तीने, तिने स्वतःला पेटवून घेतले. काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. वय २९. इराणमध्ये तिचे नाव पडले 'दुख्तर-ए-आबी', निळी मुलगी. फारसीत पाण्याच्या रंगाला, म्हणजे निळ्याला, आबी म्हणतात. मराठीत 'आब' म्हणजे तेज आणि अब्रू. एका तिकिटापायी एका मुलीचा जीव गेला, हे वाक्य वर्गात मोठ्याने वाचायला मला जमत नाही.

तिच्या मृत्यूने जगभर गदारोळ उठला आणि फिफाला मुदत घालून बोलावे लागले. १० ऑक्टोबर २०१९ रोजी आझादीत इराण-कंबोडिया सामन्यासाठी बायकांना पहिल्यांदा रीतसर तिकिटे विकली गेली. पहिला हप्ता तासाभराच्या आत संपला. साडेतीन हजारांहून अधिक बायका आत बसल्या, वेगळ्या भागात, कुंपणाच्या आत, महिला पोलिसांच्या पहाऱ्यात. इराणने १४ गोल केले, कंबोडियाने एकही नाही. इतका एकतर्फी सामना एरवी कुणी अर्ध्यावर सोडून गेला असता. त्या मात्र शेवटपर्यंत ओरडत राहिल्या.

पण एकदा उघडलेले फाटक उघडेच राहते असे नाही. मार्च २०२२ मध्ये मशहदला इराण-लेबनॉन सामन्याची तिकिटे बायकांना विकली गेली आणि ऐन वेळी त्यांना बाहेर ठेवले. हातात पैसे मोजून घेतलेले तिकीट, आणि डोळ्यांत मिरचीचा फवारा. त्याच वर्षी २५ ऑगस्टला इस्तिकलालच्या एका साध्या लीग सामन्याला सुमारे ५०० बायकांना आझादीत प्रवेश मिळाला. क्रांतीनंतर देशांतर्गत लीगच्या सामन्याला तेहरानमध्ये बायका बसण्याची ती पहिली वेळ. ज्या क्लबसाठी सहर निघाली होती तोच क्लब. त्यानंतर तीन आठवड्यांत महसा अमिनीचा पोलीस कोठडीनंतर मृत्यू झाला आणि इराणचे रस्ते 'जन, जिंदगी, आझादी' या घोषणेने भरून गेले. स्टेडियमवर ४० वर्षे पाटी म्हणून लटकलेला शब्द बायकांनी तोंडाने उच्चारला.

जेद्दाचा जौहर

सौदी अरेबियाची गोष्ट वेगळ्या रस्त्याने जाते. तिथे फाटकावर धरणे नव्हते, पडलेले कडे नव्हते. ऑक्टोबर २०१७ मध्ये वरून घोषणा झाली आणि १२ जानेवारी २०१८ रोजी जेद्दाला अल-अहली आणि अल-बातिन यांच्या सामन्याला बायका पहिल्यांदा स्टेडियममध्ये बसल्या. त्यांच्यासाठी 'कुटुंब' विभाग होता, एकट्या पुरुषांसाठी वेगळा. पुढच्या वर्षी इटलीच्या सुपर कपचा सामना जेद्दाला झाला तेव्हा याच विभागणीवरून इटलीत मोठे वादंग झाले. बायका पुरुषांशिवाय येऊ शकतील, पण कुटुंब विभागातच बसतील, असे उत्तर मिळाले. करार झालेले होते, सामना झाला.

या उघडलेल्या फाटकाचे कौतुक करताना एक तारीख विसरू नये. जून २०१८ मध्ये सौदी बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, आणि त्याच्या महिनाभर आधी, मे महिन्यात, ही परवानगी वर्षानुवर्षे मागणाऱ्या लुजैन अल-हथलूलसारख्या बायकांना अटक झाली. हक्क दिला, पण मागणाऱ्यांना आत टाकून दिला. लोकांनी याला राजाची मेहरबानी म्हणावे, बायकांची मिळकत म्हणू नये, एवढाच त्याचा अर्थ.

मागे एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उमऱ्याला गेलो होतो. उमरा पूर्ण झाल्यावर तीन दिवस जेद्दाला माझ्या दिरांकडे मुक्काम होता. माझी मुलगी नववीत, कोल्हापूरची, म्हणजे फुटबॉल रक्तातच. "चाचा, मॅच दाखवा ना," एवढेच तिचे मागणे. दिरांनी चहा पिता पिता फोनवर चार तिकिटे काढली, अल-इत्तिहादच्या सामन्याची. नावे विचारली गेली, पैसे गेले, आणि काळे-पांढरे चौकोन असलेले चार तजकिरे फोनमध्ये आले. त्यातल्या दोनांवर बायकांची नावे होती. कुणी काही विचारले नाही. जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते: सामन्याची वेळ आणि तारीख ऐनवेळी पुढे-मागे होऊ शकते, म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशी सामना ठरवू नये, आणि मैदान शहराच्या उत्तरेला, विमानतळाच्याही पलीकडे आहे, म्हणून जाण्या-येण्याच्या गाडीची सोय आधी करावी, मग तिकीट काढावे.

त्या मैदानाला लोक 'अल-जौहरा' म्हणतात, म्हणजे रत्न. आपल्या जवाहिराचे मूळही तेच. आत अबायावर पिवळे-काळे मफलर टाकलेल्या पोरी घसा फोडून ओरडत होत्या. माझ्या शेजारी साधारण माझ्याच वयाची एक सौदी बाई लेकीला घेऊन बसली होती. माझी अरबी कुराणातली आणि तिची गल्लीतली, तरी आमचे जमले. ती म्हणाली, लहानपणी तिचा भाऊ सामना पाहून आला की रात्री गच्चीवर तो तिला पहिल्या मिनिटापासून सांगायचा. कोण कुठून पळाला, चेंडू कुठे लागला, सगळे. "मला सगळे सामने माहीत होते," ती म्हणाली, "फक्त दिसले नव्हते."

दीन की दस्तूर?

आता मुख्य प्रश्न. हे फाटक इस्लामने लावले होते का?

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग आहे. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करत होते. पैगंबर (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांना आपल्या चादरीची आड दिली आणि त्यांचे मन भरेपर्यंत तो खेळ पाहू दिला. खेळणारे पुरुष, पाहणारी स्त्री, जागा मशीद, आणि पाहणे कधी थांबवायचे हे ठरवणारी ती स्वतः. इराणच्या शिया उलेमांची हदीसची ग्रंथपरंपरा वेगळी आहे, त्यामुळे हा दाखला त्यांच्यासमोर चालणार नाही असे कुणी म्हणेल. ठीक. पण सौदी उलेमांना तर बुखारी पाठ आहे. तरीही २०१८ पर्यंत तिथले फाटक बंद होते, आणि उघडले ते नवी हदीस सापडली म्हणून नव्हे, राजाचे धोरण बदलले म्हणून.

हा फक्त मुसलमानांचा दोष आहे, असे मानणाऱ्या बिगरमुस्लिम वाचकांसाठीही थोडा इतिहास. इंग्लंडात १८८० च्या दशकात प्रेस्टन नॉर्थ एंड हा क्लब बायकांना फुकट आत सोडत असे. १८८५ मध्ये एका सामन्याला सुमारे २००० बायका आल्या, तेव्हा क्लबने सवलतच बंद केली. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांच्या दोन संघांचा सामना पाहायला ५३,००० लोक जमले. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या फुटबॉलला बंदी घातली. खेळ बायकांना योग्य नाही, हे कारण. ती बंदी जवळपास ५० वर्षे टिकली. तिथे ना फतवा होता ना मुल्ला. मैदान आपले आहे असे समजणारे पुरुष होते, आणि त्यांना ती समजूत सोडायची नव्हती.

आणि आपले कोल्हापूर? फुटबॉल तालमींचा खेळ असलेले हे गाव. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, कोल्हापुरात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि त्याच नावाचा फुटबॉल संघ. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, आणि नावातच उर्दू घेऊन आलेली दिलबहार तालीम. माझ्या लहानपणी मामू माझ्या धाकट्या भावाला खांद्यावर बसवून शाहू स्टेडियमला न्यायचे. मला कुणी मनाई केली नव्हती. पण कुणी नेलेही नव्हते. आमच्या शेजारच्या मराठा घरातल्या मुलींचेही तेच. तेहरानमध्ये कायदा नव्हता, आमच्याकडेही नव्हता. लेखी कायदा असता तर तो दाखवून भांडता तरी आले असते. जी बंदी कुणी घातलेलीच नाही, ती उठवायची कुणी?

ती उठवावी लागते मुलींनाच, आणि हळूहळू. मुंब्र्यात 'परचम' या संस्थेच्या मुलींनी फुटबॉल खेळायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना पहिली लढाई चेंडूसाठी नाही, जागेसाठी करावी लागली. मैदानावर मुलींनाही वेळ राखून द्या, म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या. कोल्हापूरच्या मुलींचा एफसी कोल्हापूर सिटी हा संघ २०१८-१९ च्या हंगामात भारतीय महिला लीग खेळून आला. या मुलींनी दीन सोडला नाही, घर सोडले नाही. ज्या जागी आपला जिक्र नव्हता तिथे तो करायला लावला.

म्हणून माझे आपल्या लोकांना, विशेषतः मुलींच्या बापांना आणि मामूंना, एवढेच सांगणे आहे. इराणचे सरकार किंवा सौदीचा राजा काय करतो यावर आपण चहाच्या टपरीवर तासन् तास बोलतो, बोलावेच. पण पुढच्या हंगामात शाहू स्टेडियमवर सामना असेल तेव्हा घरातून निघताना मुलाबरोबर मुलीलाही हाक मारा. तिच्या शेजारी बसा. गर्दीत कुणी शिवी दिली तर मुलीला घरी पाठवू नका, शिवी देणाऱ्याला गप्प करा. ज्या फाटकाला कायदा नाही, त्याला कुलूपही नाही. कुणीतरी तिला सोबत घेऊन ते ढकलायचे, एवढेच बाकी आहे.